वाळ्याचा पडदा

साहेबांच्या बंगल्यांना उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी मुद्दाम सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या चाळीत आणला. कामावर चक्कर येऊन पडलेली एक बाई तीन दिवस तिथे तापाने फणफणत होती. साहेबाला गारवा, मग हिला का नाही?

म्हातारा खोलीत आला, पण माप घेईना. त्याने हात भिजवून दारात धरला, डोळे मिटले. मग मागच्या भिंतीपाशी तसाच उभा राहिला.

"खिडकी कुटं हाय?"

"कुठली खिडकी! पलीकडे गिरणी आहे."

"मग न्हाय जमायचं, दादा."

मी भडकलो. "बंगल्यात बरं जमतं तुम्हाला! गरिबाच्या दारात हात दुखतात का?"

तो रागावला नाही. "गारवा पडदा आणत न्हाय, वारा आणतोय. त्याला यायला दार लागतं, तशी जायला वाट बी लागती की. चाळ बांधणाऱ्यांनी वाटच ठेवली न्हाय."

जाताना त्याने वाळ्याची एक जुडी भिजवून बाईच्या उशाशी ठेवली. तिने तोंड तिकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

चाळीला खिडक्या पाडा, असं पत्रक मी काढलं. पहिली प्रत त्याच भिंतीवर एका खिळ्याला अडकवली. महिना झाला, ती तिथेच लोंबते आहे. अजून एकदाही फडफडलेली नाही.