राक्षसाचा उचललेला पाय

सौदी अरेबियातल्या यान्बूच्या रुग्णालयात माझ्या मुलीचं ऑपरेशन चालू होतं. बाकावर माझ्या शेजारी बसलेले एक सौदी आजोबा मोबाईलवर मुलांची जुनी जपानी मालिका पाहत होते. त्यांचा नातूही आतच होता. स्क्रीनवर मुखवट्यातला नायक अरबीत ओरडत होता आणि रबरी राक्षस शहर तुडवत होता.

ऑपरेशन थिएटरचं दार हललं की आजोबा घाईघाईने चित्र थांबवत. राक्षसाचा उचललेला पाय घरांवर तसाच राही. नर्स निघून गेली की पुन्हा सुरू.

"रोकते क्यों हो, बाबा?" मी विचारलं.

कामगारांकडून शिकलेल्या हिंदीत ते म्हणाले, "सदीक, मेरे दोस्त, रुका है तो कोई नहीं मरता."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. भीती वाटली तर तिचं कारण शोधावं, असं तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी शिकवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण माझ्या भीतीचं कारण आत टेबलावर झोपलं होतं.

नर्सने आजोबांना आत बोलावलं. थांबवलेला मोबाईल माझ्या हाती देत ते म्हणाले, "चालू मत करना."

हळूहळू स्क्रीन मंद होऊ लागली. बोट लावलं तर मालिका सुरू होईल, नाही लावलं तर अंधार. माझा अंगठा हवेतच राहिला.