पिसाचे दोनच वेढे

काल सकाळी अंगण झाडून झालं, कोंबड्यांना दाणे टाकले आणि खाली पडलेलं एक मऊ पीस उचललं. आमचे हे गळाला असं पीस रेशमी दोऱ्यानं बांधायचे. मासा त्याला किडा समजतो. ते गेले तेव्हा त्यांची ही कलाही गेली, असं मला वाटायचं.

मासेमारीच्या पुस्तकात वाचून मी बांधलं आणि त्यांच्यासोबत मासे धरायला जाणाऱ्या सलीमभाईंना दाखवलं.

"भाबी, हा किडा हाय का कोंबडी?" ते हसले. "पिसाचे दोनच वेढे द्या. भाऊबी आधी असंच बांधायचे. लई चिडवायचो मी."

ही गोष्ट ह्यांनी मला कधी सांगितलीच नव्हती. सलीमभाई, तुमचे उपकार. आणि वाचकहो, तुमच्या गेलेल्या माणसाची अशी एखादी चूक कुणी तुम्हाला सांगितली आहे का?

बांधलेलं पीस सोडवून मी दोनच वेढ्यांत पुन्हा बांधलं. आज सकाळी धरणावर जाऊन गळ टाकला.