साहेबांच्या पिवळ्या विमानाचे फोटो

लग्नाच्या फोटोग्राफरकडं किस्से आपोआप साचतात, पण शंभर लग्नांचे मिळून एकाच चवीचे! माझ्याकडचे वेगळे म्हणाल तर ते सगळे एका विमानाचे.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझा स्टुडिओ होता. मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे, हवाईदलातून रिटायर झालेले एक साहेब होते. महायुद्धाच्या काळातलं, एकावर एक दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान त्यांनी भंगारातून आणलं आणि बारामतीच्या धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये पुन्हा उडतं केलं. मला म्हणाले, "नवरीचे काढतोस तसे हिचे फोटो काढ. फक्त ही तुझ्यासाठी थांबणार नाही!"

*

पहिल्या रोलला मी शहाणपणा करून शटर स्पीड भलताच वाढवला. फोटो एकदम शार्प!

साहेबांनी एकेक प्रिंट निरखली. "छान. पण पुढचा पंखा थांबलेला दिसतोय. इंजिन बंद पडल्यावर मी इतका निवांत बसेन होय रे?"

*

शेळगावला मी बांधावर उभा, साहेब उसाच्या शेंड्यांवरून घोंगावत गेले. शेताचे मालक तात्या पळत आले.

"फवारणीचं इमान हाय का?"

"न्हाय तात्या, फोटोसाठी फिरवत्यात."

"मंग फिरतंयच तर जाता जाता औषध मारायला काय हुतंय?"

*

एकदा साहेब उतरायला आले, तर धावपट्टीवर मेंढरं! साहेब वर घिरट्या घालतायत, पेट्रोल संपत आलेलं. मी बोंबलत धावलो, "आबा, हाकला की! विमानाला जागा न्हाय!"

मेंढपाळ आबांनी सावकाश मान वर केली. "त्येला एवढं आभाळ हाय. माझ्या मेंढरांनी कुठं जायाचं?"

*

हवेतले फोटो हवेतूनच काढायचे ठरलं. दुसरं एक छोटं विमान आलं. त्याचं दार काढलं आणि मला दोराने सीटला बांधलं. मी पायलटला विचारलं, "दोर सुटला तर?"

"तर कॅमेरा आधी आत टाका!"

*

त्याच दिवशी इंदापूरकडं, उजनीच्या पाण्यावर साहेबांचं पिवळं विमान आमच्या बाजूला आलं. त्याची पुढची सीट कायम रिकामी असायची. त्या दिवशी तिच्यात कुणीतरी होतं. मी लेन्स फिरवून पाहिलं, तर साहेबांची बायको! डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला आणि डोळे गच्च मिटलेले.

ह्या काकी कधीच विमानात बसल्या नव्हत्या. साहेब उडाले की शेडबाहेर खुर्ची टाकायच्या आणि ते उतरेपर्यंत वर बघत राहायच्या. चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.

मला लग्नाची सवय. त्या वाऱ्यात मी जीव तोडून ओरडलो, "काकी, डोळे उघडा!" ऐकू कुठलं जातंय? पूर्ण रोल संपला, प्रत्येक फोटोत काकींचे डोळे मिटलेले.

उतरल्यावर मी विचारलं, "काकी, वरून कसं दिसलं?"

"मला काय ठावं? म्या डोळं उघडलंच न्हाईत."

"मग बसलात कशाला?"

काकींनी स्कार्फ सोडून झटकला. साहेब पंखाला टेकून उभे होते.

"ह्ये वर आन् मी खाली असले की डोळं मिटतच न्हाईत रं. म्हनलं, आज जरा मिटून बघावं."