ट्रकवाली वहिनी

आमच्या बँकेत साहेबांच्या बुटांचा आवाज आला की सगळ्यांच्या स्क्रीन बदलतात. कुणी साड्या बघत असतं, कुणी पत्ते लावत असतं. साहेब दारात पोचेपर्यंत जिकडेतिकडे आकड्यांचे तक्ते उघडलेले असतात. ही कला कुणाला शिकवावी लागत नाही. माझ्या वहिनीला मात्र ती येत नव्हती. खरं म्हणजे तिला ती शिकायचीच नव्हती. सासरे येवोत, पाहुणे येवोत, गल्लीतली कुणी वाटी घेऊन साखर मागायला येवो, वहिनीच्या स्क्रीनवरचा ट्रक चालूच राहायचा. "या, बसा," म्हणत ती गाडी नीट रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि मगच खुर्चीवरून उठायची.

ती वालूरची. घरी शेती, शिक्षण परभणीला. लग्नानंतर तिच्या सामानात भांड्यांबरोबर एक कॉम्प्युटर आला. तिनं तो एकेक भाग जमवून स्वतः जोडला होता. बघण्याच्या कार्यक्रमात दादानं तिला छंद विचारला होता. "कॉम्प्युटरवर गेम खेळते," असं तिनं सरळ सांगितलं. आम्हाला वाटलं, मुलगी विनोदी दिसते. आम्ही खो खो हसलो, तिचे वडील खोकले आणि पोहे आले. आमची फसवणूक झाली असं पुढे आईनं अनेकदा म्हणून बघितलं, पण मुलीनं सगळं आधीच सांगितलेलं असल्यामुळे ते काही जमेना.

आईला त्या कॉम्प्युटरचा अभिमान फार. सेलूत आमच्या गल्लीत शिकलेल्या सुना बऱ्याच होत्या, पण स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन आलेली ही पहिलीच. "आमची सून ऑनलाइन काम करती," असं आईनं परस्पर जाहीर करून टाकलं, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. कुणी कसलं काम असं विचारलं नाही. कॉम्प्युटर म्हटलं की काम, अभ्यास नाहीतर नोकरी, एवढं आमच्याकडे ठरलेलं आहे. बायका दुपारी आमच्या दारावरून हळू बोलत जायच्या. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला त्या वहिनीकडे यायच्या आणि ती ते भरूनही द्यायची. एकदा कुणीतरी आदरानं विचारलं, "दिवसभर काय करायलीस गं एवढं?" वहिनी म्हणाली, "ट्रक चालवायलेय." बाई हसून निघून गेली. विनोदी म्हणून तिचं नाव झालंच होतं.

समोर डॉक्टरांचं घर. त्यांच्याकडेही गेम होता, पण तो टीव्हीला जोडायचा. काळा चकचकीत डबा, हातात धरायला दोन रिमोट. डॉक्टरीणबाईंच्या भावानं तो दुबईहून आणला होता. त्याला कन्सोल म्हणतात, हे आम्हाला वहिनीमुळे कळलं. तो हॉलमध्ये शोकेसशेजारी असायचा. पाहुणे आले की डॉक्टर स्वतः रिमोट घेऊन फुटबॉल खेळायचे, गोल झाला की उडी मारायचे, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. "घरच्या घरी करमणूक हो, फॅमिलीत बसून खेळता येतं," असं लोक कौतुकानं म्हणायचे. कॉम्प्युटरवरच्या खेळाला हे भाग्य नाही. तो म्हणजे बंद दार, सायबर कॅफे, वाया गेलेली पोरं, रमी आणि जुगार. एकाच यंत्रावर हिशेब उघडला तर लक्ष्मी आणि ट्रक उघडला तर अवदसा! या न्यायाचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

वहिनीला कन्सोलचा राग नव्हता. तिचं म्हणणं एवढंच असायचं, "ते म्हंजे मेसचं ताट. चांगलं असतं, पण वाढलंय ते खायचं. हा माझा सैपाक हाय. तिखट मीठ मी ठरवणार." आणि ती खरोखरच ठरवायची. तिचा ट्रक धावायचा परदेशातल्या रस्त्यांवर, पण त्याची नंबरप्लेट होती आपली, परभणीची, एमएच बावीस. ती तिनं कुठूनतरी शोधून, खटपट करून बसवली होती. गाडीत हॉर्नही आपल्याकडच्या ट्रकांचा. जर्मनीतल्या शांत घाटात तो वाजला की बाबा पेपरातून डोकं वर काढून रस्त्यावर बघायचे. एखादा भाग बिघडला तर ती कॅबिनेट उघडून जमिनीवर मांडी घालून बसायची आणि शेंगा निवडाव्यात तशी आतले स्क्रू निवडत राहायची.

मग तो दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. बाबांचं कापसाच्या जिनिंगच्या मशिनींना लागणाऱ्या पट्ट्यांचं दुकान, त्यामुळे पाने, हातोडे, वजनकाटा असं सगळं पाटावर मांडलं जायचं. सुनेच्या पोटापाण्याचं हत्यार राहायला नको म्हणून आईनं भल्या पहाटे अंघोळ करून, वहिनी उठायच्या आत, कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि वरून मूठभर अक्षता. कॅबिनेटच्या डोक्यावर जाळी असते. अक्षता तिथून सरळ आत गेल्या.

दुपारी वहिनीनं बटण दाबलं, तर आतून कर्रर्र आवाज आला आणि स्क्रीन काळी झाली. तिनं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बघितलं. "आई, पंख्यात तांदूळ अडकलाय," ती म्हणाली. आईचा चेहराच उतरला. वहिनी रंगाच्या ब्रशनं आतलं कुंकू झाडायला लागली, तर आईला तेही बघवेना. "देवाचं हाय गं, असं फेकू नको." वहिनीनं ते कुंकू बोटावर घेतलं, कपाळाला लावलं आणि चिमटा घेऊन पुन्हा कामाला लागली. नेमकी त्याच वेळी गल्लीतल्या बायका सोनं द्यायला आल्या.

हातात आपट्याची पानं आणि डोळ्यात पाणी अशा अवस्थेत आईनं सगळी हकीकत सांगितली. "माझ्या हातानं सुनेचं काम बुडालं वो!" डॉक्टरीणबाई मनानं चांगल्या. त्या लगेच म्हणाल्या, "परेशान होऊ नका. माझ्या भाच्याचा लॅपटॉप पाठवते. पोरीचं काम अडायला नको." एवढ्यावर सगळं निभावलं असतं. वहिनीनं नुसतं "थँक्यू काकू" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ती चिमटा खाली ठेवून उठली. "काकू, माझं काही काम बुडालं न्हाई. मी ह्याच्यावर काम करत न्हाई, खेळते. सणाच्या दिवशी तुमी खोट्यावर लॅपटॉप देऊ नका."

बायका सोनं देऊन गेल्या, पण पाणीसुद्धा न घेता गेल्या. पुढच्या आठवड्यात गल्लीत काय काय फिरलं ते सांगायला नको. सून जुगार खेळते, सून रात्रभर परपुरुषांशी बोलते, दादाला तिनं मुठीत ठेवलंय. आईचं बाहेर तोंड काढणं मुश्कील झालं आणि तिनं वहिनीशी बोलणं टाकलं. शेवटी वालूरहून वहिनीच्या वडिलांना बोलावणं गेलं. कॉम्प्युटर विकायचा आणि विषय मिटवायचा, असं आईनं ठरवलं होतं.

ते आले, टोपी मांडीवर ठेवून बसले, आणि आईचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "सैपाक करती का, इहीनबाई?"

"करती."

"उलटून बोलती का?"

"तसं न्हाई म्हणवत. पण दिवसा ढवळ्या खेळती वो ती! बायामाणसांनी खेळायचं का? एवढा शौकच असंल तर डॉक्टरांकडल्यासारखा टीव्हीचा घेऊ. डॉक्टरीणबाई मागवून देते म्हणाल्या. हॉलमध्ये बसून चारचौघांत खेळू दे की. नाहीतर हेच ठेवा, पण कुणी आलं की दुसरं काहीतरी लावत जा म्हणावं."

वडिलांनी मुलीकडे बघितलं. दादा पंख्याकडे बघत होता. वहिनी म्हणाली, "बाबा दुकानात धंदा नसला की पत्ते खेळतात. हे मोबाइलवर क्रिकेट खेळतात. समोर डॉक्टर उड्या मारतात. त्या समद्यांची हौस, आन माझं व्यसन? आई, घरातलं एक काम मी सोडलं असंल तर सांगा, आजच विकते. पण लपून खेळ म्हणू नका. लपून चोरी करतात, खेळत न्हाईत."

आईनं काम आठवून बघितलं असणार, कारण तिचे ओठ हलत होते. मग दादानं, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, तोंड उघडलं. "तिनं जोडलाय. विकणारे आपण कोण?" वहिनीचे वडील चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. कॉम्प्युटर राहिला. आईचा अबोलाही राहिला.

संक्रांतीला डॉक्टरीणबाईंकडे हळदीकुंकू झालं, आणि त्याचं बोलावणं आमच्या घरात फक्त आईला आलं. वहिनी नवी साडी नेसून, तिळगुळाचा डबा घेऊन सरळ रस्ता ओलांडून गेली. "तिळगूळ द्यायला बोलावणं लागत न्हाई," ती दारातच म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी तिच्या हातात रिमोट दिला. ती त्यांच्या भाच्याशी फुटबॉल खेळली, सपाटून हरली, आणि हरताना एवढी हसली की बायकांनाही हसू फुटलं. त्यानंतर तिच्याबद्दलची कुजबुज थांबली असं नाही. पण समोरासमोर बोलायची हिंमत कुणाची झाली नाही.

आईचा अबोला मात्र ट्रकनंच मोडला. एका दुपारी ती डाळ निवडायला वहिनीच्या मागच्या पलंगावर येऊन बसली. पंखा त्याच खोलीत बरा लागतो, असं कारण तिनं मला सांगितलं. स्क्रीनवर पाऊस पडत होता. आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर आई-वडिलांचा आशीर्वाद असं लिहिलेलं असतं. वहिनीच्या ट्रकवर अक्षरं होती: सासूबाईंचा आशीर्वाद. आईनं चष्मा सारखा करून ती दोनदा वाचली.

"आशीर्वाद कवा दिला मी?"

"आता द्यावाच लागंल आई, गाडी लोड हाय. घाट सुरू झालाय."

घाट संपेपर्यंत आई डाळीत हात घालून तशीच बसली होती. पुढे पुढे ती स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "पोचलीस का गं?" आणि वहिनी आतून उत्तर द्यायची, "न्हाई, टोलला थांबलेय." पाहुण्यांसमोर मात्र आईचं तेच चालू होतं. कुणी परगावचं आलं की ती वहिनीच्या खोलीचं दार हळूच लोटून घ्यायची, आणि वहिनी तितक्याच हळू ते उघडायची. या दाराचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

परवाच्या पावसाळ्यात वहिनी गेली. डेंग्यूचं निमित्त झालं. नांदेडला नेलं, फार उशीरही झाला नव्हता आणि कुणाची चूकही नव्हती; ती गेली, एवढंच. तिचं वय जाण्याचं नव्हतं. मी हे लिहिताना शांतपणे लिहायचं असं ठरवलं होतं, पण ते जमत नाही. ज्या गावानं तिला वर्षभर नावं ठेवली, तेच सगळं गाव दारात आलेलं बघून मला त्या दिवशी सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं.

दहाव्याच्या आत भेटायला जिंतूरकडचे काही लांबचे पाहुणे आले होते. उघड्या दारातून वहिनीच्या खोलीत चादर टाकून झाकलेला कॉम्प्युटर त्यांना दिसला. एकानं विचारलं, "हा कुणाचा?" आई भिंतीला टेकून बसली होती. तिला त्रास नको म्हणून डॉक्टरीणबाईंनीच घाईनं उत्तर दिलं, आणि त्यांच्या मनात चांगलंच होतं हे मला ठाऊक आहे. "सुनेचा. ऑनलाइन काम करायची. दिवसभर काम, लय कष्टाळू पोरगी." पाहुण्यांनी हळहळून माना हलवल्या.

"न्हाई," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आई उठली, आत गेली आणि तिनं कॉम्प्युटरवरची चादर ओढून काढली.

"काम ती घरात करायची, ते समदं करायची. ह्याच्यावर ती काम करत न्हवती."

डॉक्टरीणबाई तिचा हात धरायला पुढं झाल्या. "असू द्या हो. आता कशाला ते?"

"आता कशाला म्हंजे? जित्ती होती तवा तिनं कुणापुढं झाकलं न्हाई. मीच झाकत बसले." आईचा आवाज फाटला होता, पण तिनं तो खाली आणला नाही. "पाहुणे, माझी सून खेळायची. ट्रक चालवायची. लय लांब लांब जायची."