फिनेलच्या मशीनचा दसरा

परवा नातीने मला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, समजावून सांगितला. "आजी, सोप्पं आहे गं. सेन्सर खबर देतो, पीएलसी ठरवतो, मोटर ऐकते. की परत पहिल्यापासून, दिवसभर." मी निमूट मान डोलावली. डोंबिवली एमआयडीसीत माझी अर्धी हयात ह्यातच गेली, हे तिला कोण सांगणार!

तेव्हा मी फिनेल भरायची मशीन बनवणाऱ्या कारखान्यात होते. डिप्लोमावाली, आणि अकलेचा ठेका आपल्याकडेच आहे अशा थाटात वावरणारी. जुन्या पॅनेलमध्ये रिलेंचं, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांचं जंगल, दिवसभर टकटक. ते काढून पीएलसी बसवायचा हट्ट माझाच. मालक म्हणाले, "ग्राहकासमोर नीट चाललं तर प्रोग्रामिंग तुझ्याकडे. नाहीतर जुनं पॅनेल परत, आणि तू वायरिंगच्या टेबलावर." ग्राहक येणार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

प्रोग्राम साधा होता. पट्ट्यावरची बाटली सेन्सरला दिसली की पट्टा थांबव, फिनेल भर, पट्टा पुढे सरकव. दसऱ्याआधी छान चाललेलं. ग्राहक येणार त्या सकाळी बटण दाबलं, तर पट्टा जरासा सरके, थांबे, आणि बाटली नसलेल्या जागी फिनेल ओते. पुन्हा सरके, पुन्हा ओते.

मग ह्या डिप्लोमावाल्या बाईसाहेबांनी काय करावं? कॉम्प्युटरला चिकटून प्रोग्राम बदलला. टायमर वाढवला, कमी केला, दोन ओळी उडवल्या. फिनेल आपलं वाहतंच आहे.

मालकांच्या आई नाकाला पदर लावून आल्या. "काय गं हा वास! कालच एवढी पूजा केली ना मशीनची?"

"काकू, त्याला बाटली दिसतेय हो! नाहीये, तरी दिसतेय!"

बोलले आणि पीएलसीकडे वळले. पीएलसीवर सेन्सरचा दिवा असतो, तो आता कुठे बघितला. विझायचं नावच नाही. पीएलसी बिचारा खरं बोलत होता. सेन्सरला खरोखरच काहीतरी दिसत होतं. वाकून पाहिलं. त्याच्या पुढ्यात झेंडूचा जाडजूड हार डोलत होता.

मी हात घातला तशा काकू कडाडल्या, "अगं थांब! पूजेचा हार सुकायच्या आत काढतात का?"

"काकू, हारामागे मशीनचा डोळा आहे."

"मग काल बोलली नाहीस ते? स्टूल धरून तूच तर उभी होतीस!"

होतेच. वर "जरा डावीकडे घ्या, काकू, शोभून दिसेल" हा सल्लाही माझाच.

काकूंनी नमस्कार करून हार स्वतःच पॅनेलच्या दारावर सरकवला. मी जुना प्रोग्राम परत घातला. नशीब, तेवढा जपून ठेवलेला. लादी पुसून होते न होते तोच ग्राहक आले. बाटल्या शहाण्या मुलींसारख्या एकामागोमाग भरत गेल्या. एकाने नाक चोळत विचारलं, "प्रोग्राम कोणाचा?" मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि माझी मान लगेच ताठ.

जुनं पॅनेल संध्याकाळी भंगारवाल्याने नेलं. टेम्पोत चढवायच्या आधी काकूंनी त्यालाही कुंकू लावलं.