पाण्यात चालणारा अँटेना

माझा अँटेना कोरड्यात चालत नव्हता, आणि हे मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होते. तो पाण्यासाठीच केला होता. पण ऐकतो कोण! त्या दिवशी गुलबर्ग्याच्या आमच्या प्रयोगशाळेत हैदराबादहून परीक्षक आले होते, माझं संशोधन पुढं चालू ठेवायचं की गुंडाळायचं हे ठरवायला. मी पोचायच्या आधीच आमच्या सरांनी माझे दोन्ही अँटेना टेबलावर समोरासमोर मांडून यंत्र सुरू केलं होतं. मीटरची सुई ढिम्म हलत नव्हती.

"मी म्हटलं नव्हतं?" सर पाहुण्यांना म्हणाले. "हिला एखादा सोपा विषय देऊ."

सोपा विषय! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

संतपूरला माझी मावशी छातीत गाठ घेऊन वर्षभर गप्प बसली होती. आईनं खोदून विचारलं की म्हणायची, "काय न्हाई गं. कामून उगं परक्या माणसासमोर पदर काढायचा?" दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मावशी गेली. मला तिचा भयंकर राग आला, आणि अजून येतो. पुढं वाचनात आलं, की बाहेरदेशी मायक्रोवेव्ह लहरींनी शरीराच्या आतलं बघायची खटपट चालू आहे. पण आमच्याकडचे अँटेना म्हणजे रॉकेलच्या दुकानातली मोठाली नरसाळी. ती बाईच्या छातीला लावणार कशी? मला काड्यापेटीएवढा हवा होता, एका बाईनं दुसऱ्या बाईला लावावा असा. पाण्यात लहर आखडते, म्हणून अँटेनाही लहान होतो. शिवाय आपलं शरीर निम्म्याहून जास्त पाणीच, त्यामुळं पाण्यातून गेलेली लहर आत शिरते. हवेतली बरीचशी कातडीवरूनच माघारी फिरते. एवढी साधी गोष्ट होती.

"सर, पाण्यात घालून बघू," मी म्हणाले. टब मी आणून ठेवलाच होता. पण भर उन्हाळा, नळ सकाळपासून ठणठणीत कोरडा.

"पाणी नाही, तर राहू दे. त्यांना गाडी गाठायचीय," सर म्हणाले आणि टोपण काढून पेन परीक्षकांपुढं धरलं.

पाणी नाही कसं? दाराबाहेर पिण्याच्या पाण्याचा रांजण काठोकाठ भरलेला होता. बाकी सगळे त्यात आपल्या हातानं पेला बुडवायचे. मी गेले की शिपाईअण्णा लगबगीनं उठायचे आणि वरून ओतायचे. आमचं घर छप्पन्न सालीच बौद्ध झालं होतं, पण रांजणाला ते कुणी कळवलं नसावं. दोन वर्षं मी मुकाट्यानं पेला पुढं केला होता, आणि दर वेळी माझी मलाच चीड आली होती.

मी बादली घेऊन गेले आणि झाकण काढलं.

"अक्का, अक्का! त्यात बादली घालू नका. मी देतो की."

"कामून? तुम्ही घातली तर चालतंय, मी घातली तर काय व्हायलंय? सांगा की मोठ्यानं. पाहुण्यांनाबी कळू द्या."

अण्णांनी सरांकडं पाहिलं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी बादली बुडवली, कोपरापर्यंत हात घालून, अगदी मुद्दाम.

टब भरला. अँटेना समोरासमोर बुडवले. सुई उठली आणि उभी राहिली. मग मिठाच्या पाण्यानं भरलेला फुगा मी मधून सरकवला. फुगा आड आला की सुई पडे, पुढं गेला की उठे. ही माझी गाठ. परीक्षक खुर्चीवरून उठले, बाह्या सारल्या, टबात हात घातला आणि फुगा स्वतः दोन-तीनदा सरकवून पाहिला. काम पुढं चालू ठेवावं, असं लिहून त्यांनी सही केली. मी जिंकले होते, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर नवा कोरा रांजण. जुना मागं उकिरड्यावर पालथा पडलेला. मला हसू आलं, रडूही आलं. रडले मात्र नाही. नव्याचं झाकण काढलं, पेला आत बुडवला आणि घटाघटा पाणी प्यायले.

"अण्णा," मी म्हणाले, "सरांना सांगा, तिसरा आणून ठेवा. मी उद्याबी येणार हाय."