सुक्या शेंगा म्हणत सॉसेज लपवलं

मंडळी, मघापासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून इथं लिहायलेय.

पुण्याहून आलेल्या लेकीनं आज जेवणाला एकाच पातेल्यात भात, राजमा आणि मटणाचं सॉसेज शिजवलं. घरभर वास सुटला. तेवढ्यात शेजारच्या अक्का दारात आल्या. "काय शिजायलंय?"

माझ्या तोंडून निघालं, "काही न्हाई, सुक्या शेंगा."

लेकीनं हातातला डाव खाली ठेवला.

तो शब्द माझ्या मायचा. मी लहान असताना आम्ही मुडबी हे आमचं गाव सोडून गुलबर्ग्याला भाड्याच्या खोलीत राहायलो होतो. माय उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तुरीचे दाणे आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवायची. घरमालकीण वास घेत दाराशी आली की सांगायची, "सुक्या शेंगा हायत." मांस शिजतंय कळलं असतं तर तिनं बाहेर काढलं असतं; तेवढ्यावर खोली टिकायची.

अक्का म्हणाल्या, "वास लई झकास यायलाय, वाटीभर द्या की." मी वाटी भरली. आणि काय केलं सांगू? सॉसेजचे तुकडे एकेक करून वेचून काढले. ह्या अक्का दर रविवारी स्वतः मटण आणतात, हे मला ठाऊक असून!

त्या गेल्यावर लेक एवढंच म्हणाली, "आई, हे घर तर आपलं हाय. तुकडे कामून काढलेस?"

ते तुकडे अजून ओट्यावर बशीत आहेत. नेऊन देऊ का अक्कांना? लवकर सांगा, गार व्हायलेत.